दोरी सगळ्यात शेवटी सुटते

सकाळचे साडेसहा, राजेंद्र नगरातलं मोकळं मैदान. एक काका त्यांच्या लॅब्रेडोरला हाका मारत होते, "ये! ये ना! अरे ये की!" कुत्रा पन्नास पावलांवर गवत हुंगत उभा. सातव्या हाकेला त्याने मान वर केली, काकांकडे पाहिलं आणि पुन्हा नाक खाली घातलं. शेवटी काकांनीच जाऊन त्याला धरलं, साखळी अडकवली, एक चापट दिली आणि घरी नेलं.

इंदुरात गेली नऊ वर्षं मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करतो. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी आधी ही सकाळ सांगतो. त्या दहा मिनिटांत कुत्रा काय शिकला? 'ये' कितीही वेळा ऐकू आलं तरी चालतं. आणि काका जवळ आले की मजा संपते, वर मार बसतो. उद्या तो साठ पावलांवर उभा राहणार.

मला हे काम सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेल्या एका हँडलरनी शिकवलं. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, तिथे त्यांची बरीच वर्षं गेली होती. पहिला महिना त्यांनी मला कुत्र्याला हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं: कान कुठे, शेपूट कुठे, अंगाचा भार पुढे की मागे. तेव्हा कंटाळा यायचा. आज माझी अर्धी कमाई त्या वहीवर आहे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला लांब मांजर दिसलं की त्याचं तोंड पटकन मिटतं, कान पुढे येतात. धाव घेण्याआधीचा तो अर्धा क्षण. हाक तेव्हाच द्यायची. कुत्रा सुसाट सुटल्यावर दिलेली हाक वाया जाते, आणि वाया गेलेली प्रत्येक हाक शब्दाची किंमत कमी करते.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. एक दहा महिन्यांचा कुत्रा घराच्या अंगणात दहापैकी दहा वेळा येत होता. मी खूश होऊन त्याला मैदानावर मोकळा सोडला. समोरून मांजर गेलं, कुत्रा त्याच्यामागे थेट रस्त्यावर. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून तो वाचला. घरातल्या ताईंचा पांढरा पडलेला चेहरा मी विसरलेलो नाही. अंगणात शिकलेलं कुत्रा आपोआप मैदानावर नेत नाही. त्याच्या लेखी तो वेगळाच धडा असतो, आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या अडनिड्या वयात तर आलेलंही विसरल्यासारखं करतो.

म्हणून दोरी. साधारण दहा मीटर लांब, हलकी. ती गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, पळता पळता झटका बसला तर मानेला इजा होते. छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला पाठीकडे अडकवा. हाताला गुंडाळायची नाही, बोटं मोडतात; हातमोजे घाला. दोरी जमिनीवर घसटत राहू द्या, गरज पडली तर पाय ठेवा. तिने कुत्र्याला ओढून आणायचं नसतं. न ऐकल्यावर पळून जाण्याची मजा त्याला मिळू नये, एवढंच तिचं काम.

बोलावण्याचा शब्द आधीच वाया गेला असेल तर नवा घ्या. काकांना मी 'इकडे' दिला. काहींना शिट्टी देतो, कारण माणूस चिडला तरी शिट्टीचा आवाज तसाच राहतो. एकदाच म्हणायचं. कुत्रा आला की पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, पण एका हाताने पट्टा धरून मग दुसऱ्या हाताने. नाहीतर तो तुकडा हिसकावून पळायला शिकतो. मग "जा" म्हणून पुन्हा सोडायचं. दहातल्या नऊ वेळा सोडायचंच. बोलावणं म्हणजे घरी जाणं, हे त्याच्या डोक्यात बसू द्यायचं नाही. आंघोळ, नखं, औषध यासाठी कधीही हाक मारू नका, आपण उठून जा.

माझा हिशेब असा: एका जागी तीन वेगवेगळ्या दिवशी दहापैकी दहा वेळा पहिल्याच हाकेला आला, तरच पुढची जागा. खोली, जिना, गल्ली, रिकामं मैदान, मग इतर कुत्री असलेलं मैदान. आमच्याकडे शेवटची परीक्षा पोह्यांच्या ठेल्याजवळ असते, अर्थात दोरी लावूनच. खाली सांडलेली शेव, जिरावण मसाला, जलेबीचा वास! त्या पोह्यांवर कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला घातक, त्यामुळे ही परीक्षा नुसती दाखवण्यापुरती नाही.

आणि काही ठिकाणी दोरी काढायचीच नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडे नाही, दिवाळीत नाही, रहदारीच्या रस्त्यावर तर कधीच नाही. मुधोळसारखं नजरेने शिकार हेरणारं कुत्रं कुंपण नसलेल्या जागी मी आजही सोडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकाला समजावून सांगा: पाळलेल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्या तारखेला कुत्रा मोकळा फिरेल, असा शब्द तर कुणालाच देऊ नका. धंदा बुडेल असं वाटतं. उलट लोक टिकतात.

काम सुरू करण्याआधी रेबीजची लस स्वतः टोचून घ्या. तरीही चावा बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांकडे जाच. एप्रिल-मेमध्ये शिकवणी सकाळी लवकर. तळहात डांबरावर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पायही तिथे टेकू देऊ नका.

बाकी कुत्रा लवकर शिकतो, घरच्यांना वेळ लागतो. काकांना "एकदाच म्हणा" हे मी महिनाभर सांगत होतो. "अरे, पण ऐकतो कुठे तो!" म्हणत ते दुसरी हाक मारायचेच. मग मी त्यांना हाक मारल्यावर मनात पाच आकडे मोजायला लावले. चौथ्या आकड्याला कुत्रा वळला तेव्हा काका माझ्याकडे बघतच राहिले.

त्यानंतर दोरी दर दोन आठवड्यांनी कापत गेलो. दहा मीटर, पाच, दोन. मागच्या रविवारी बकऱ्यांचा कळप मैदानाच्या कडेने जात असताना काका "इकडे" म्हणाले, आणि तो गर्रकन वळून कान मागे टाकत धावत आला. हार्नेसला हातभर तुकडा लोंबत होता. तो आणखी दोन महिने ठेवायला सांगितलं आहे.