नव्या पुलावर पायी आणि सायकलने जाता येईल का? आराखडा असा तपासा

नदीकाठचा किंवा बंदराकाठचा पुनर्विकास निघाला की नव्या पुलाची रंगीत चित्रे येतात. त्यांत चालणारी माणसे आणि सायकली हमखास असतात. सोय खरोखर आहे का, हे मात्र या चित्रांतून कळत नाही. त्यासाठी पुलाचा लांबीचा छेद (एल-सेक्शन), म्हणजे पूल बाजूने कापल्यासारखा दाखवून उंची-उतार देणारा नकाशा, मागून घ्या आणि पहिला हिशेब उंचीचा करा. पूल पायी जाण्याजोगा होणार की नाही, याचा निम्माअधिक निकाल तिथेच लागतो.

समजा बोटी जाण्यासाठी भरतीच्या पातळीवर ६ मीटर मोकळी उंची ठेवायची आहे आणि डेकची, म्हणजे ज्यावरून चालतात त्या पुलाच्या तक्तपोशीची, जाडी खालच्या तुळयांसह दीड मीटर आहे. म्हणजे चालायचा पृष्ठभाग ७.५ मीटरवर गेला. काठ त्याच पातळीपासून ३ मीटर उंच असेल, तर चढायचे राहिले ४.५ मीटर. १:२० (५ टक्के) उताराने त्याला ९० मीटर लांबी लागते, ३ टक्क्यांनी १५० मीटर. १:१२ च्या रॅम्पवर दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा धरला, तर साडेएकसष्ट मीटरांत काम भागते, आणि म्हणूनच आराखड्यात बहुधा १:१२ दिसतो. नियमात तो बसतो. पण व्हीलचेअर स्वतः ढकलणारा माणूस साठ मीटर असा चढ चढताना दमून जातो, आणि सायकलस्वाराला चढताना उतरावे लागते. मागणी १:२० चीच ठेवा.

‘एवढी जागा कुठे आहे?’ हे उत्तर ठरलेले असते. त्यावर दोन गोष्टी विचारा. पूर्ण ६ मीटरची उंची फक्त बोटींच्या मधल्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) हवी असेल, तर चढाचा बराच भाग बाजूच्या गाळ्यांवर, पाण्यावरच का घेत नाही? आणि गर्डर, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळया, डेकच्या खाली न ठेवता दोन्ही बाजूंना वर घेतले तर? डेक दीड मीटरऐवजी अर्ध्या मीटरचा झाला की १:२० च्या रॅम्पची प्रत्येक टोकाची २० मीटर लांबी वाचते.

लिफ्ट ही जास्तीची सोय समजा. ती बंद पडते, शिवाय माल वाहायची लांब सायकल तिच्यात मावत नाही. व्हेनिसचा २००८ साली खुला झालेला कॉन्स्टिट्यूशन पूल पायऱ्यांचाच बांधला गेला. नंतर व्हीलचेअरसाठी कडेने सरकणारी कॅबिन बसवली, आणि पुढे तीही काढावी लागली. मूळ रचनेत राहून गेलेला रॅम्प मागाहून जोडणे इतके अवघड असते.

आता टोके पाहा. पुलाचे टोक रस्त्याच्या पातळीला उतरते, काठावरची फिरण्याची वाट मात्र त्याखाली ४-५ मीटरवर असते. दोन्हींना जोड हवी, आणि तीही टोकापासून लांब वळसा न घालता. वाट पुलाखालून जात असेल तर डोक्यावर किमान अडीच मीटर मोकळे ठेवा, आणि पाणी चढल्यावर वरून जायचा पर्यायी रस्ता नकाशावर आखून घ्या. जिन्याला सायकल ढकलायची नाळी देतात, पण ती भिंतीला चिकटवली तर पेडल आणि हँडल भिंतीवर घासते आणि कोणी ती वापरत नाही.

५ टक्के उतारावर सायकल पेडल न मारताही ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाते. या वेगाला वळणाची त्रिज्या निदान २५ मीटर लागते, ताशी २० ला १५ मीटर. गोल गोल फिरणाऱ्या रॅम्पची त्रिज्या पुष्कळदा पाच-सहा मीटरच असते, तिथे समोरासमोर धडका होतात. ताशी २० किलोमीटरने येणारी सायकल थांबायला सुमारे १७ मीटर लागतात. रॅम्पच्या तळाशी, नेमक्या बाक-खेळण्यांच्या गर्दीत, तेवढे पुढचे दिसते का ते नकाशावर मोजा. वेग रोखायला आडवे खांब लावायचे असतील तर दोन खांबांत दीड मीटरचे अंतर हवे, नाहीतर तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर बाहेरच राहते.

रुंदी मोजताना पुलाची एकूण रुंदी सांगितली जाते. तुम्ही आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतची मोकळी रुंदी विचारा, दिव्याचे खांब वजा करून. पायी चालणाऱ्यांना किमान २ मीटर, दुहेरी सायकलमार्गाला ३ मीटर. कठड्याशेजारून सायकल कधीच चिकटून जात नाही, अर्धा मीटर सुटतोच, तो वेगळा धरा. कोपनहेगनच्या २०१९ मधल्या लिले लांगेब्रो पुलावर चालणाऱ्यांना ३ आणि सायकलींना ४ मीटर दिले आहेत. दोन्ही मार्गांत नुसता पांढरा पट्टा मारला तर अंध व्यक्तीच्या काठीला तो कळत नाही. पाच-सहा सेंटिमीटरची पातळी बदला आणि कड तिरकी ठेवा, म्हणजे चाक अडून सायकलस्वार पडणार नाही.

पाणी पाहायला लोक मध्यावर थांबणारच. पाट्या लावून हे टळत नाही. तिथे डेक दीड-दोन मीटर बाहेर काढून सज्जा द्या. मोटारींचाही पूल असेल तर अपघातरोधक कठडा गाड्या आणि पदपथ यांच्या मध्ये आहे ना, ते पाहा. फक्त बाहेरच्या कडेला असेल तर तो गाडीला पाण्यात पडण्यापासून वाचवतो, चालणाऱ्याला गाडीपासून वाचवत नाही.

बाहेरचा कठडा सायकलमार्गालगत १.४ मीटर उंच हवा. गज उभे, दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा कमी जागा. आडव्या तारा दिसायला छान, पण लहान मुलांना ती शिडीच.

फरशीबद्दल वास्तुविशारदांची हौस महाग पडते. बिल्बाओच्या झुबीझुरी पुलावर काचेची फरशी ओली झाली की लोक घसरत, शेवटी तिच्यावर घसरणरोधक पट्टा अंथरावा लागला. लाकडी फळ्या टाकायच्या तर आडव्या टाका. लांबीच्या दिशेने टाकल्या की फटीत सायकलचे चाक बसते. पाणी निचरायच्या जाळ्यांचे गजही आडवेच. सगळ्यात दुर्लक्षित जागा एक्सपान्शन जॉइंटची, म्हणजे उष्णतेने डेक लांबावा म्हणून सोडलेल्या सांध्याची: दातेरी जॉइंटच्या फटी चाकाच्याच दिशेने असतात. सायकलमार्गावर तो खरखरीत पत्र्याने झाका. गुळगुळीत पोलादी पत्रा पावसात काचेइतकाच घसरतो.

फक्त पायी पूल असेल तर कंपनाचा अहवाल मागा. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि गर्दीच्या पावलांनी बाजूला झुलू लागल्याने दोन दिवसांत बंद झाला. डँपर (कंपन शोषणारी साधने) बसवून २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. युरोपीय बांधकाम-संकेतांनुसार उभ्या दिशेची नैसर्गिक वारंवारता (पूल आपसूक सेकंदाला किती वेळा हलतो ती संख्या) ५ हर्ट्झच्या किंवा आडवी २.५ हर्ट्झच्या खाली असेल, तर वेगळी तपासणी करावी लागते. गर्दीचे वजन चौरस मीटरला ५०० किलो धरले आहे ना, तेही विचारा.

हे सगळे निविदेआधी करा. निविदेनंतर रुंदी वाढवणे म्हणजे नवा डेक. हरकतीच्या पत्रात ‘उतार १:१२ ऐवजी १:२०’, ‘सायकलमार्गाची मोकळी रुंदी ३ मीटर’ असे आकडे नकाशा क्रमांकासह लिहा. ‘पादचाऱ्यांचा विचार व्हावा’ या वाक्याला ‘विचार केला आहे’ एवढेच उत्तर येते. आणि पूल खुला होण्याआधी भरलेली सायकल, व्हीलचेअर आणि बाबागाडी घेऊन दोन्ही टोकांच्या मुख्य रस्त्यांपासून एक फेरी मारा. पावसाळी दिवस मिळाला तर उत्तम: पाणी कुठे साचते, पत्रा कुठे घसरतो, ते एकाच फेरीत नोंदवता येते.