घोड्यावर बिऱ्हाड बांधताना

तंबू घेऊन घोड्यावरून निघायचं ठरलं की लोक आधी सामानाची यादी करतात. मी आधी वजनाचा हिशोब करते. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, हा सर्वसाधारण दंडक. घोडा ४०० किलोचा असेल तर सगळं मिळून ८० किलो. स्वार ५८ किलोचा आणि खोगीर-लगाम १२ किलोचं धरलं तर हातात उरतात १० किलो. तंबू, अंथरूण, कपडे, खाणं आणि घोड्याची स्वतःची सामग्री या दहातच. स्वारच ७० किलोचा असला तर हिशोब तिथेच मिटला. मग सामानाला दुसरा घोडा घ्या, नाहीतर सामान मुक्कामावर आधी पोचवा. ‘घोडाच तो, नेईल की!’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्याबरोबर जात नाही, इतकंच.

पिशव्या भरताना लटकता काटा जवळ ठेवा. डाव्या-उजव्या पिशवीत पाव किलोपेक्षा जास्त फरक मी ठेवत नाही. एक बाजू जड झाली की खोगीर तिकडे ओघळतं, आणि ते सावरायला आपण नकळत दुसऱ्या रिकिबीवर, म्हणजे पाय ठेवायच्या कडीवर, रेलतो. पाठ सोलवटते ती घोड्याची. पाण्याच्या बाटल्या दोन घ्या, दोन्हीकडे एकेक, आणि आलटूनपालटून प्या. एकच बाटली संपवत गेलात तर केलेलं वजन वाया.

जड वस्तू पुढच्या पिशव्यांत, पण खांदा हलताना अडणार नाही अशा बेताने. खोगिरामागे फक्त हलकं आणि मऊ. शेवटच्या बरगडीच्या मागे घोड्याच्या कमरेला खालून आधार नसतो, त्यामुळे तिथे लादलेलं ओझं त्याला फार जाणवतं. स्लीपिंग बॅग पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून आडवी बांधा, गुंडाळी बारीक ठेवा. फुगीर झाली तर चढता-उतरता पाय तिच्यात अडकतो.

आता आवाज. भांड्यात चमचा खुळखुळला की दुडकी चालीत तो घोड्याच्या बरगडीशी सतत वाजत राहतो, आणि बुजरा घोडा तेवढ्यावर उधळतो. भांड्यात कपडे कोंबा, झाकण दोरीने बांधा, मग भरलेली पिशवी कानाशी धरून जोरात हलवा. काही वाजलं तर पुन्हा उघडा.

चाकू, लायटर, फोन, नकाशा, शिट्टी आणि मलमपट्टीचं सामान घोड्यावर ठेवू नका. अंगावर ठेवा. घोडा पळाला आणि तुम्ही खाली राहिलात, तर सगळं बिऱ्हाड त्याच्याबरोबर जातं. पाठीवर सॅक मात्र नको, पडलात तर तिच्यातली कडक वस्तू मणक्यात रुतते. खिसे आणि पोटाशी बांधलेला बटवा पुरे.

घोड्याचं खाणं हा खरा अवघड भाग. ४०० किलोचं जनावर दिवसाला सहा-आठ किलो सुका चारा खातं आणि २५ ते ४० लिटर पाणी पितं. हे कोण वाहणार? म्हणून मुक्कामाची जागा गवत-पाणी बघून निवडा आणि चरायला परवानगी आहे ना, हे आधी विचारा. बरोबर थोडी चंदी (घोड्याचा दाणा), मीठ आणि घडी होणारी बादली घ्या. वाटेत नवं काही खायला घालणार असाल तर आठवडाभर आधीपासून थोडं थोडं सुरू करा, एकदम बदल झाला तर पोटशूळ उठतो. खुरातले खडे काढायचा आकडा, खरारा (अंग घासायचा ब्रश) आणि जास्तीची मोरकी (तोंडावर चढवायचा पट्टा) हवीच.

रात्री बांधायला जाड दोर आणि दोन रुंद पट्टे घ्या. पट्टे झाडांना गुंडाळायचे म्हणजे साल सोलत नाही, आणि दोर त्या दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच ताणून बांधायचा. त्याला मोरकीची दोरी अशी अडकवा की तोंड चाऱ्यापर्यंत पोचेल, पण पाय दोरीत अडकणार नाही. गाठ सुरगाठच हवी. निरगाठ मारलीत तर अंधारात भेदरलेला घोडा सोडवायला चाकू काढावा लागेल.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं लादून घोड्याला हाताने तासभर फिरवा. त्याच्याजवळ रेनकोट उघडा, फडफडवा, तो शांत उभा राहीपर्यंत. रेनकोट पिशवीत सगळ्यात वर ठेवायचा, आणि घालायचा तो खाली उतरूनच.

प्रवासात पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तपासा, तोवर तो ढिला पडलेला असतो. मुक्कामाला खोगीर उतरवलं की लगेच पाठ पुसू नका. आधी घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय. त्या जागी हाताने दाबून बघा. घोड्याने पाठ खाली घेतली तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर खोगीर चढवू नका, चालत निघा.