केए-५० मध्ये क्षेपणास्त्रापासून कसं वाचायचं: इशाऱ्याचे दिवे, फ्लेअर आणि डोंगराचा आडोसा

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरवर केए-५० ‘ब्लॅक शार्क’ हे रशियन लढाऊ हेलिकॉप्टर शिकायला घेतलेले बरेचजण सुरुवातीला एकाच पद्धतीने पडतात. श्कवाल या नेम धरायच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर रणगाडा धरलेला असतो, आपलं विखर हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सुटलेलं असतं, कॉकपिटमध्ये एकही दिवा लागलेला नसतो. आणि अचानक दणका बसून इंजिन पेटतं. मग फ्लेअर, म्हणजे उष्णतेवर येणाऱ्या क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे, वेळेवर का टाकले नाहीत, यावर चर्चा होते. माझ्या मते चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते. दिवा लागला नाही म्हणजे धोका नाही, असं आपण धरून चालतो.

म्हणून सुरुवात बटणांपासून नको, या हेलिकॉप्टरला काय कळतं आणि काय कळत नाही तिथून करू.

१. हेलिकॉप्टरचे कान तपासा

केए-५० मध्ये रडारचा इशारा देणारं यंत्र नाही. ओसा, तोर किंवा तुंगुस्का या जमिनीवरच्या विमानविरोधी यंत्रणांच्या रडारने तुम्हाला पकडलं, तरी कॉकपिटमध्ये काहीही वाजणार नाही. रडारला चकवणारं चाफही या हेलिकॉप्टरवर नाही, फक्त फ्लेअर आहेत. जे आहे ते एल-१४० ‘ओत्क्लिक’. ते लेझर ओळखतं. शत्रूच्या रणगाड्याने अंतर मोजायला तुमच्यावर लेझर मारला, की त्या दिशेचा दिवा लागतो. दिशा मात्र ढोबळ असते, चार बाजूंपैकी कुठली एवढीच.

खांद्यावरून सोडलेल्या स्टिंगर किंवा इग्ला क्षेपणास्त्रांना ना रडार लागतं ना लेझर. ती इंजिनाच्या उष्णतेवर येतात. सिम्युलेटरमधल्या जुन्या केए-५० मध्ये त्यांची चाहूल देणारं एकच साधन आहे, तुमचे डोळे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक शार्क ३’ या नव्या आवृत्तीत जवळ येणाऱ्या क्षेपणास्त्राचा इशारा देणारी यंत्रणा आहे. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती बोलते तेव्हा क्षेपणास्त्र सुटलेलं असतं. त्याआधीची काळजी तुमचीच.

ज्यांना अपाचे एएच-६४डी या अमेरिकी हेलिकॉप्टरची सवय आहे त्यांना इथे सगळ्यात जास्त अडचण येते. अपाचेमध्ये रडार कुठल्या जातीचं, कुठल्या दिशेला, नुसतं शोधतंय की मागावर आहे, हे आवाजात सांगितलं जातं. त्या आवाजाची वाट पाहणारा कान केए-५० मध्ये कामाचा नाही.

२. उड्डाणाआधी नकाशा वाचा

रडार ऐकू येत नसेल तर ते कुठे आहे हे आधीच ठाऊक हवं. मोहिमेची माहिती नीट वाचा आणि एफ-१० दाबून उघडणाऱ्या नकाशावर प्रत्येक ज्ञात धोक्याभोवती त्याच्या पल्ल्याचं वर्तुळ मनात आखा. ढोबळ आकडे पाठ असू द्या: स्टिंगर आणि गाडीवरून सुटणारं स्त्रेला-१० सुमारे ५ किलोमीटर, तुंगुस्काची क्षेपणास्त्रं ८, ओसा १०, तोर १२.

आता विखरचा पल्ला बघा, सुमारे ८ किलोमीटर. म्हणजे स्टिंगरवाल्या सैनिकाच्या टप्प्याबाहेर राहून मारता येतं, ओसा आणि तोरसमोर मात्र उघड्यावर थांबताच येत नाही. त्यात विखर लेझरच्या झोतावर चालतं, लागेपर्यंत तुम्हाला नाक लक्ष्याकडे ठेवून थांबावं लागतं. ते थांबणं कुठून करायचं, हे नकाशावरच ठरवा. टेकडीची धार, झाडांची रांग, दरीचा कोपरा, जिथून एका बाजूला खाली सटकता येईल अशी जागा. रडारवाल्या क्षेपणास्त्राविरुद्ध केए-५० कडे असलेला हा एकमेव उपाय आहे.

३. यूव्ही-२६ लावा

फ्लेअर टाकणाऱ्या यंत्राचं नाव यूव्ही-२६. पंखांच्या टोकांवरच्या पेट्यांमध्ये मिळून १२८ फ्लेअर असतात. यूव्ही-२६ आणि लेझरचा इशारा या दोन्हींचे वीजपुरवठ्याचे स्विच वेगवेगळे आहेत. हाताने इंजिन सुरू करताना ते विसरले जातात, म्हणून तुमच्या यादीत त्यांना स्वतंत्र ओळ द्या.

पडद्यावर तीन आकडे दिसतात. पहिला, किती वेळा टाकायचे. दुसरा, दर वेळी किती. तिसरा, दोन वेळांमध्ये किती सेकंद. मूळ सेटिंग ११० असतं, म्हणजे एक दाब, एक फ्लेअर. लढाईत हे पुरत नाही. प्रत्येक आकड्याखालचं बटण दाबून तो बदला.

मी दोन सेटिंग वापरतो. धोक्याच्या भागात शिरताना ६२२, म्हणजे सहा वेळा, दर वेळी दोन, दोन सेकंदांच्या अंतराने. क्षेपणास्त्र दिसल्यावर यापेक्षा दाट माळ हवी, म्हणून एक सेकंदाचं अंतर. बाजू निवडणारा स्विच मधल्या जागी ठेवा, म्हणजे दोन्ही पंखांवरून फ्लेअर जातील. मग जमिनीवरच एकदा माळ सोडून पडदा उरलेल्या फ्लेअरच्या मोजणीवर आणा. एका दाबात किती गेले हे स्वतः बघितलं, की १२८ मध्ये तुमचे किती दाब बसतात ते कळतं आणि कंजूषी किंवा उधळपट्टी दोन्ही थांबते.

फ्लेअर सुरू करण्याचं बटण जॉयस्टिकवर आणा, अंगठ्याखाली. माउसने शोधत बसायला वेळ नसतो. माळ थांबवण्याचं बटणही जवळच द्या.

४. फ्लेअर आधी टाका

सगळ्यात महत्त्वाची सवय हीच, आणि तीच सगळ्यात उशिरा लागते. क्षेपणास्त्राचा शोधक तुमच्या उष्णतेवर अडकण्याआधीच हवेत दुसरे गरम बिंदू असले, तर सैनिकाला तुमच्यावर नेम धरणं अवघड जातं. सुटलेल्या क्षेपणास्त्राला भुलवणं त्याहून कठीण असतं. म्हणून संशयित भागावरून जाताना, आणि मारून वळताना पाठ दाखवण्याच्या क्षणी, दिवा लागण्याची वाट न पाहता माळ सोडा.

हे सिम्युलेटरपुरतं नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये अफगाणिस्तानात जलालाबादजवळ स्टिंगरने सोविएत हेलिकॉप्टरं पडू लागली, तेव्हापासून वैमानिकांची उडण्याची पद्धतच बदलत गेली. आपल्याकडची आठवण अजून जवळची आहे. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर हवाई दलाचं एमआय-१७ क्षेपणास्त्राने पडलं आणि आतले चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअरचं संरक्षण नव्हतं. तीन आकड्यांचं हे छोटं यंत्र लावताना मला दर वेळी ते चौघे आठवतात.

५. दिवा लागला तर

ओत्क्लिकचा दिवा म्हणजे तुमचं अंतर मोजलं जातंय, पुढे गोळा किंवा क्षेपणास्त्र येऊ शकतं. फ्लेअरचा इथे काही उपयोग नाही, लेझरला उष्णतेशी देणंघेणं नसतं. ताबडतोब आडोशाला जा. एका जागी तरंगत असाल तर खाली उतरा, पुढे जात असाल तर दिव्याच्या दिशेला आडवे वळा. आडोशाला पोचलात की दिवा रीसेट करा, म्हणजे पुढचा इशारा जुन्यात मिसळणार नाही. नंतर त्याच ठिकाणाहून पुन्हा डोकं वर काढू नका, दोनतीनशे मीटर सरका.

६. धुराची रेघ दिसली तर

क्रम असा: फ्लेअर, वळण, आडोसा. बटण दाबत असतानाच हात वळणाकडे गेला पाहिजे. कलेक्टिव्ह, म्हणजे उंची कमी-जास्त करणारा दांडा, थोडं खाली करून उंची कमी करा, क्षेपणास्त्र बाजूला राहील असं वळा आणि टेकडी तुमच्या आणि त्याच्या मध्ये आणा. नुसते फ्लेअर टाकून सरळ उडत राहिलात, तर फ्लेअर मागे पडतात आणि तुम्ही त्याच रेषेवर राहता. स्त्रेला-१० समोर असेल तर आडोशावर जास्त भर द्या, तिचा शोधक उष्णतेखेरीज आकाशाच्या पार्श्वभूमीवरची तुमची आकृतीही धरू शकतो.

इथे केए-५० ची एक खास जोखीम आहे. याचे दोन रोटर एकावर एक उलट दिशेने फिरतात. वेग जास्त असताना घाबरून स्टिक जोरात ओढली, तर वरची आणि खालची पाती एकमेकांवर आपटतात. क्षेपणास्त्र चुकतं आणि हेलिकॉप्टर तरीही पडतं. आधी वेग उतरवा, मग वळण घट्ट करा. आणि वळताना ट्रिमचं, म्हणजे ऑटोपायलटला धरायची दिशा ठरवून देणारं, बटण दाबून धरा, नाहीतर ऑटोपायलट तुम्हाला जुन्या दिशेला खेचत राहतो.

एका माणसाच्या कॉकपिटमध्ये श्कवालचा पडदा नजर धरून ठेवतो. तुमच्यासाठी बाहेर बघणारा दुसरा कोणी नाही. मी मनात दहा मोजतो आणि मान वर करून डावी-उजवीकडची जमीन बघतो, लक्ष्य कितीही चांगलं धरलेलं असलं तरी.

७. सराव कसा करायचा

मिशन एडिटरमध्ये कॉकेशसच्या नकाशावर मोकळ्या मैदानात एकच स्टिंगरवाला सैनिक ठेवा, शेजारी एक टेकडी असू द्या. स्वतःला अमर करण्याचा पर्याय चालू करा. मग सात किलोमीटरवरून त्याच्याकडे जा आणि तो कुठल्या अंतरावर सोडतो ते बघा. एफ-६ दाबून क्षेपणास्त्राच्या मागून दृश्य पाहिलं, की ते फ्लेअरकडे वळलं की तुमच्याकडे, हे स्पष्ट दिसतं.

पाच फेऱ्या फ्लेअर न टाकता करा, पाच फेऱ्या क्षेपणास्त्र दिसल्यावर टाकून, पाच आधीच माळ सोडून. प्रत्येक फेरीचा निकाल वहीत लिहा. मग अमर असण्याचा पर्याय बंद करा, सैनिकाच्या जागी ओसा ठेवा आणि टेकडीची धार कधीही न ओलांडता तिच्यापाशी किती जवळ जाता येतं ते शोधा.