मराठवाड्यात ग्राउंड ऑर्किड कसं जगवायचं

ऑर्किड म्हणलं की लोकांना वाटतं लटकवायचं, कोळशावर लावायचं, आपल्या लातूरच्या उन्हात कुठं जगायलंय. पण स्पॅथोग्लॉटिस, म्हणजे नर्सरीवाले ज्याला ग्राउंड ऑर्किड म्हणतात, ते जमिनीत वाढणारं आहे, पानं नारळाच्या बारक्या रोपासारखी लांब अन् चुण्या पडलेली, आणि एका दांड्यावर थोडी थोडी करून फुलं कित्येक आठवडे येत राहतात. एवढं सोपं ऑर्किड दुसरं नाही असं माझं मत आहे.

फक्त मातीत म्हणलं म्हणून आपली काळी माती घालू नका. माझं पहिलं रोप तिच्यातच गेलं, पावसाळ्यात चिखल धरून ठेवते अन् उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तोडते. मी आता कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, विटांचे तुकडे आणि जुनं शेणखत असं मिक्स करतो, कुंडी आठ-दहा इंची, खाली भोकं मोकळी. कंद पूर्ण गाडायचा नाही, वरचा भाग उघडा दिसला पाहिजे, नाहीतर कुजतो.

पाण्याचं मात्र नीट ऐका. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं पानांची टोकं करपतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून आपण थेंब थेंब साठवतो, त्यामुळं आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय लागलीय, पण ते ह्याला घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीबी तसंच. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममधी धरा, एसीचं पाणीबी चालतं. बोअरशिवाय इलाजच नसला तर महिन्यातून एकदा तरी चांगल्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढा.

सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन लागतंच, नुसत्या सावलीत पानं हिरवीगार होतात अन् फुलं येत नाहीत. मार्चपासून वर 50 टक्केची शेडनेट बांधा आणि रोज पाणी द्या, थंडीत माती वरून सुकल्यावरच. वाढ चालू असताना पंधरा दिवसाला 19:19:19 हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, बास. मिलीबग (पांढरी कापसासारखी कीड) दिसला तर निंबोळी तेल, तेबी संध्याकाळी.

काही झाडांची फुलं आपोआपच फळतात अन् शेंगा धरतात, त्या कापून टाका, झाडाची ताकद जाते, आणि बी धुळीसारखं बारीक असतं, घरी उगवत नाही. नवीन रोपं पाहिजेत तर जूनमधी पहिला पाऊस झाला की कंद वेगळे करा, एका तुकड्याला तीन तरी कंद ठेवा, कापलेल्या जागी हळद लावा, आणि नवीन पान निघेपर्यंत सावलीत ठेवून खत अजिबात देऊ नका.