व्यावसायिक इमारतीत सेन्सर वायरचे घ्यावेत की वायरलेस?

हा निर्णय संपूर्ण इमारतीसाठी एकदाच घेण्याऐवजी प्रत्येक सेन्सरसाठी वेगळा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी पहिला प्रश्न असा विचारावा, की या सेन्सरचे वाचन दहा मिनिटे आले नाही तर काय बिघडेल? ज्या वाचनावर चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) किंवा पंप आपोआप चालू-बंद होतो, तो सेन्सर वायरचाच असावा. खोलीतील आर्द्रता किंवा टाकीतील पाण्याची पातळी केवळ नोंदवायची असेल, तर वायरलेस पुरते.

त्यानंतर भिंती पाहाव्यात. पणजीत पाटो परिसरातील कार्यालयांसारख्या नव्या इमारतींत फॉल्स सीलिंगवरून केबल नेणे सोपे असते. फोंतेन्हास या पणजीतील जुन्या वस्तीतल्या चिरेबंदी (जांभ्या दगडाच्या) घरात मात्र भिंत कोरणे म्हणजे वास्तूलाच इजा करणे होय. तेथे वायरलेसच योग्य, परंतु जाड आणि पावसाळ्यात ओल धरणारा चिरा रेडिओ लहरीही शोषतो. २.४ गिगाहर्ट्झवरील झिगबी (कमी अंतराची वायरलेस पद्धत) किंवा वायफायपेक्षा भारतात विनापरवाना वापरता येणारी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची लोरा (लांब अंतराची, कमी ऊर्जेची वायरलेस पद्धत) लहर अशा भिंतींतून अधिक चांगली जाते. खरेदीपूर्वी गेटवे (सेन्सरचे संदेश गोळा करणारे उपकरण) तात्पुरता बसवून, सगळी दारे बंद करून, शक्यतो जुलैत चाचणी घ्यावी. सिग्नल क्षीण असेल तर लोरा सेन्सर तोच संदेश अधिक वेळ घेऊन पाठवतो आणि त्याची बॅटरी अपेक्षेपेक्षा फार लवकर संपते; म्हणून कागदावरील आयुष्यावर विसंबू नये.

वायर निवडल्यास आरएस-४८५ (एकाच तारजोडीवर अनेक सेन्सर जोडण्याची पद्धत) ची लाइन कमी वेगावर साधारण १२०० मीटरपर्यंत जाते. ती एका सेन्सरवरून दुसऱ्याकडे अशी सलग न्यावी, फांद्या फोडू नयेत, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावावेत आणि विजेच्या केबलपासून ती दूर ठेवावी. दोन इमारतींदरम्यान लाइन उघड्यावरून जात असेल, तर वळवाच्या विजांपासून बचावासाठी दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढणारा विद्युतदाब रोखणारी उपकरणे) अत्यावश्यक आहेत.

कळंगुटसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तांब्याची टोके हिरवी पडतात आणि वाचन चुकू लागते. तेथे कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी आणि केबल जोडणीच्या डब्यात खालच्या बाजूने घ्यावी, म्हणजे तिच्यावरून पाणी आत उतरत नाही. वायरलेस सेन्सरच्या बॅटऱ्या कोण, कधी बदलणार, हे देखभालीच्या करारात आधीच लिहून घ्यावे.