मुलासाठी डिजिटल मायक्रोस्कोप कसा निवडावा?

डिजिटल मायक्रोस्कोप म्हणजे वस्तू मोठी करून कॅमेऱ्याने स्क्रीनवर दाखवणारा सूक्ष्मदर्शक. त्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला ‘१००० पट’ किंवा ‘१६०० पट’ हा आकडा खरेदी करताना आधी बाजूला ठेवावा. तीच प्रतिमा फोनवर लहान आणि टीव्हीवर प्रचंड दिसते, परंतु टीव्हीवर तिच्यात नवा तपशील येत नाही. आकडा मात्र स्क्रीनबरोबर फुगतो. प्रयोगशाळेतील उत्तम सूक्ष्मदर्शकातसुद्धा १००० पट वर्धनासाठी (म्हणजे वस्तू १००० पट मोठी दिसण्यासाठी) सहसा भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब सोडावा लागतो. मुठीत मावणाऱ्या उपकरणाकडून ती अपेक्षा धरू नये.

त्याऐवजी मुलाला काय पाहायचे आहे, हे ठरवावे. मुंगी, मिठाचे दाणे, कापडाची वीण, फुलपाखराच्या पंखावरील खवले किंवा खसखशीच्या दाण्यावरची जाळी या वस्तू वरून पडणाऱ्या उजेडात पाहायच्या असतात आणि त्यांना २० ते २०० पट वर्धन पुरते. जास्वंदीचा काटेरी परागकणही तेवढ्यात दिसतो, आणि सुरुवात त्यानेच करावी असे मी आवर्जून सुचवेन. याउलट कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी किंवा डबक्याच्या पाण्यातील सूक्ष्मजीव नीट पाहायचे असतील, तर उजेड काचपट्टीच्या खालून यावा लागतो. अशा वेळी ४०, १०० आणि ४०० पटींचा शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक घेऊन त्याच्या वरच्या भिंगाशी फोन धरणे अधिक उपयोगी ठरते. खर्च अगदी कमी ठेवायचा असल्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, सुमारे १४० पटींचा कागदी ‘फोल्डस्कोप’ही आहे.

यानंतर स्टँड पाहावा, आणि येथे घाई करू नये. १०० पट वर्धनात हाताचा कंपही १०० पट दिसतो. त्यामुळे वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या मानेवर बसवलेला कॅमेरा फोकसचे चाक फिरवताच डोलू लागतो, चित्र निसटते आणि मूल कंटाळून उठून जाते. जड तळ आणि धातूचा सरळ दांडा असलेला स्टँड मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे जरूर मोजावेत.

कॅमेऱ्याभोवतीच्या एलईडी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करता यायला हवा, कारण किड्याच्या चकचकीत पाठीवर प्रखर उजेडाचा पांढरा डाग पडून बाकी काही दिसत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी स्वतःची स्क्रीन असलेले उपकरण सोयीचे पडते. मोठ्या मुलांसाठी केबलने संगणकाला जोडले जाणारे चालेल. मात्र ते आपल्याच संगणकावर किंवा फोनवर चालते का, हे विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावे, कारण अँड्रॉइड फोनवर चालणारे प्रत्येक उपकरण आयफोनवर चालत नाही.

उपकरण घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, त्याच्याखाली मोजपट्टी ठेवावी. पट्टीवरचे १ मिलिमीटर अंतर स्क्रीनवर १२० मिलिमीटर भरले, तर त्या स्क्रीनवरचे खरे वर्धन १२० पट आहे. त्या वेळी पट्टीवरच्या रेघेची कड स्वच्छ दिसत नसेल आणि फोकस नीट लावूनही ती पुसटच राहत असेल, तर खोक्यावरचा आकडा कितीही मोठा असला, तरी उपकरण परत करावे.