तापाच्या रुग्णाची त्वचा खरोखर पाहिली आहे का?

मेडिसिनच्या रेसिडेन्सीला नुकत्याच रुजू झालेल्यांना डेंग्यू, मलेरिया, विषमज्वर आणि लेप्टो यांची लक्षणे सांगण्याची गरज नाही. त्वचा न पाहण्याच्या ज्या एका चुकीने मला गाठले तीच येथे सविस्तर लिहितो, कारण पावसाळा सरत आला की ती वॉर्डात पुन्हा पुन्हा होताना मी पाहतो.

विदर्भातील एका रुग्णालयात मी पहिल्या वर्षाला होतो. सप्टेंबरमध्ये, निंदणाच्या दिवसांत, चाळिशीतील एक शेतमजूर बाई सहा दिवसांच्या तापाने दाखल झाल्या. प्लेटलेट 42 हजार, यकृताची एन्झाइम्स वाढलेली, डेंग्यूची एनएस-1 चाचणी निगेटिव्ह. सहाव्या दिवशी एनएस-1 निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून मी डेंग्यूच धरून चाललो आणि जोडीला सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केले. केस पेपरवर ‘त्वचा : विशेष काही नाही’ असे लिहिले. मी त्वचा पाहिलीच नव्हती. एका खाटेवर दोघी होत्या, पडदा मिळाला नाही, सिस्टर मोकळ्या नव्हत्या. पदरावरूनच स्टेथोस्कोप टेकवून मी पुढच्या खाटेकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी अंग पुसताना सिस्टरांनी मला हाक मारली. डाव्या स्तनाखालच्या घडीत हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लाल कड होती आणि दाबले तरी दुखत नव्हते. सासूबाईंना तो बिब्ब्याचा डाग वाटला होता. ते स्क्रब टायफसचे एस्कार होते, म्हणजे माइटच्या चाव्यातून होणाऱ्या या तापात चाव्याच्या जागी उठणारी काळी खपली. तोवर श्वासाचा वेग मिनिटाला 36 झाला होता. त्यावरचे औषध, डॉक्सिसायक्लिन, तासाभरात सुरू झाले, पण त्याच रात्री त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले आणि तो निघायला नऊ दिवस लागले. त्या वाचल्या, तरी ते तीन दिवस माझ्यामुळे वाया गेले, हे मी आजही विसरलेलो नाही.

स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, पेशीच्या आत वाढतो. त्याच्यावर सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही आणि मेरोपेनेमसारखे जबर अँटिबायोटिकही चालत नाही. गवतातील चिगर माइटच्या अळ्या चावल्याने तो शरीरात शिरतो, आणि चावा बहुधा कपडा घट्ट बसतो तेथे किंवा कातडीच्या घडीत असतो. म्हणून काख, जांघ, परकराच्या नाडीची जागा, स्तनाखालचा भाग आणि कानामागची बाजू पाहा. एस्कार प्रत्येकाला असतेच असे नाही. ते सापडले नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असे समजणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. पहिल्या आठवड्यात आयजीएम ही अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि वाइल-फेलिक्स या जुन्या रक्तचाचणीवर तर मी अजिबात विसंबत नाही. संशय पक्का असेल तर ब्लड कल्चर घ्या आणि रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करा. गरोदर स्त्रीला अझिथ्रोमायसिन द्या. ताप बहुधा 48 तासांत उतरतो. उतरला नाही तर निदानाचा पुन्हा विचार करा. गंभीर रुग्णांत ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र देणे एकट्या औषधापेक्षा सरस ठरते, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसले.

‘फीव्हर पॅनेल’, म्हणजे तापाच्या ठरावीक चाचण्या एकदम, पाठवून मोकळे होणे हा मला सर्वांत घातक शॉर्टकट वाटतो. 2018 मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ येऊन गेल्यावरही तो थांबलेला नाही. राउंडला आधी रिपोर्ट मागणाऱ्या सरांपेक्षा आधी चादर बाजूला करायला लावणाऱ्या सरांच्या युनिटमध्ये तुम्ही अधिक शिकाल. मात्र घाबरू नका. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाच्या नजरेतून काहीतरी सुटते, आणि हे एक तर दहा मिनिटांच्या तपासणीने सापडते. पडदा नसेल तर दोन चादरी धरायला लावा, सिस्टरांना सोबत घ्या आणि आधी सांगा, “मावशी, ताप कशाचा आहे ते शोधायचंय, अंगावर कुठं काळी खपली आहे का ते सिस्टर आणि मी बघतो.” आजवर मला एकाही मावशीने नाही म्हटलेले नाही.